घारीची मागची सीट

जय भीम मंडळी. सलाम. रामराम. ज्याले जे चालते ते घ्या.

अध्यक्षसाहेब, भंतेजी, राजापेठेतल्या आयाबहिणींनो, खेड्यापाड्यावरून आलेल्या भावांनो. मी करीम. अकोल्याचा, जठारपेठेतला, आइल इंजिनाचे पार्ट इकणारा. गिऱ्हाइकासंगं भांडाचं असन तं मले बोलवा, दिवसभर भांडतो. पण सभेत बोलणं माहं काम नाही. अन् त्यात समोर हा फोटो. आमचा वामनराव तायडे! जिंदगीभर गळ्यात एक कळकट मफलर सोडून ज्यानं काही घातलं नाही, त्याच्या गळ्यात आज हार! पाहवत नाही हो मले. मान खाली घालून बोलतो, माफ करा.

माफ करा म्हटलं. थोडक्यात आटपतो, असं म्हटलं नाही. ते म्हणणारच नाही. मी लांबवीन. काहून लांबवीन, ते बी सांगीन.

पहिले ते दोन सवाल, जे मघापासून माह्या कानावर येऊन राहिले. हाव, माहे कान अजून शाबूत हायेत. बायांकडून एक सवाल येऊन राहिला: कमळाबाई कुठं हाय? नवऱ्याची शोकसभा, अन् बायकोचा पत्ता नाही? मानसांकडून दुसरा: वामनरावची फटफटी कुठं गेली? सकाळी तं दारात उभी होती.

दोन्हीचा जबाब एकच हाय. देतो. पण तिसरा एक सवाल हाय, तो सगळ्यात मोठा. आज सकाळी वामनरावचे मोठे भाऊ नारायणराव, हे काय समोर बसले, मले म्हणाले, "करीमभाई, अर्धी गाडी तुमची होतीच. आता उरलेली अर्धी बी तुमीच घेऊन जा. इथं आता तिचं काय काम?" नारायणराव, तुमी भल्या मनानं म्हटलं. पण मले असा राग आला म्हणता! आज रविवार हाय. गाडी देण्याचा वार. वामनरावची अर्धी गाडी आता कोणाची, हे चार लोकांत ठरल्याशिवाय मी या भोंग्यासमोरून हालत नाही.

ज्याइले माहीत नाही त्याइच्यासाठी सांगतो. लढाई संपली अन् लष्करानं आपल्या जुन्या फटफट्या लिलावात काढल्या. विलायतेची गाडी. लांबच्या दौऱ्यासाठीच बनवलेली. टाकीवर पंख पसरलेला पक्षी. कंपनीनं त्याचं काय इंग्रजी नाव ठेवलं होतं ते कंपनीले माहीत, आपल्या वऱ्हाडानं पाहिलं अन् म्हटलं, घार! त्या लिलावात एकाच गाडीवर दोन वेडे बोली लावून राहिले होते. एक मी, दुसरा हा. हा म्हणे, मी देवीडॉक्टर हाय, गावोगावी जाऊन पोट्ट्याइले लस टोचतो, मले गाडी पाहिजे. म्या म्हटलं, मी काय लग्नात मिरवाले घेऊन राहिलो? मले बी खेडी फिराची हायेत. भांडता भांडता समजलं का एकट्याच्या ऐपतीत तं दोघाइच्याही बसत नाही. मंग केला साझा.

दोघात एक घार! एक हप्ता अमरावतीले, इथं राजापेठेत, एक हप्ता अकोल्याले. अन् दर रविवारी मधात, मुर्तिजापूरले, ठेसनासमोरच्या हॉटेलात गाडी द्याची-घ्याची. एकानं गाडीवर याचं, दुसऱ्यानं रेल्वेनं. जाताना उलटं. लोक हासत. म्हणत, बैल साझ्यात पाहिला, विहीर साझ्यात पाहिली, फटफटी साझ्यात पहिल्यांदाच पाहून राहिलो बाप्पा!

पहिल्या रविवारी वामन्या गाडी घेऊन आला. इंजिन बंद केलं. म्या लगेच तोंड उघडलं, कशी चालली, ब्रेक कसा हाय, चेन ढिली झाली का? तं त्यानं ओठावर बोट ठेवलं. टाकीवर हात ठेवून उभा राहिला. तुमी ऐकलं असन, तापलेली गाडी बंद केली का निवता निवता तिच्यातून आवाज येते. टिक. टिक. टिक. लोखंड निवते ना. तो आवाज थांबेपर्यंत हा पठ्ठ्या बोलेच ना. हॉटेलातले लोक पाहून राहिले. म्या म्हटलं, अबे, हे काय सोंग? तं म्हणे, "करीमभाई, आधी गाडी बोलन, मंग आपण. चालवणारा लपवते, गाडी लपवत नाही."

तव्हापासून तो कायदाच झाला. आधी गाडी बोलन, मंग आपण. चहा बी त्याच्यानंतर. आलूबोंडे थंडे झाले तरी त्याच्यानंतर.

पण काय गाडी होती हो ती पहिली घार! खाकी रंग, पुढं ही मोठ्ठी स्प्रिंग, अन् आवाज? बडनेऱ्याहून निघाली का मुर्तिजापूरच्या हॉटेलवाल्यानं चहा टाकावा. हँडलवर ठिणगी मागंपुढं कराचा एक दांडा होता. तो इसरला अन् किक मारली, का गाडी उलटी लाथ मारे. म्या दोनदा खाल्ली. वामन्यानं किती खाल्ल्या, तो सांगत नव्हता. गुडघ्याले हळद लावून आला का मी समजून जाओ.

फक्त एक गोष्ट. मागं स्प्रिंगचं नाव नको. चाक सरळ सांगाड्याले जखडलेलं. चालवणाऱ्याच्या बुडाखाली सायकलीसारखी गादी, अन् मागं नुसतं लोखंडी कॅरिअर. लष्कराले तिथं सामान बांधाचं होतं, त्याइनं दुसरा इचार कराचा कशाले? अन् आमच्याकडं तिथं कोण बसे? कमळाबाई. नर्सबाई. ज्या गावात वामन्या लस टोचाले जाये, त्याच गावात ह्या बाळंतपणं कराले जात. गोधडीची चौघडी त्या कॅरिअरवर, मांडीवर औषधाची पेटी, अन् रस्ते कसे? तुमाले ठाऊक हायेत. रस्ते म्हणाचे म्हून म्हणाचे.

नागपूरले दीक्षेले निघाले तव्हा हप्ता माहा होता. वामन्या संकोचला. म्या म्हटलं, जा बावा, असा दिवस कितीदा येते? पांढरी साडी, पांढरा शर्ट, दोघं घारीवर. अमरावतीहून नागपूर! त्या कॅरिअरवर! परत आले तव्हा मी मुर्तिजापूरले वाट पाहून राहिलो होतो. दोघाइचे चेहरे असे उजळलेले का मीच रडलो. म्या म्हटलं, वहिनी, बसा, चहा घ्या. तं म्हणाल्या, "करीमभाई, आज जगातली सगळी जागा आमची हाय. फक्त खुर्चीवर बसाले सांगू नका."

हासा, हासा. वामन्या असता तं तो सगळ्यात मोठ्यानं हासला असता.

काही वर्षांनं हा एका रविवारी आला तो नाचतच. आधी गाडी बोलन, हे बी इसरला! "करीमभाई, घारीची नवी जात आली!" संगमरवरी टेबलावर चहा सांडला अन् त्या चहात बोट बुडवून त्यानं मले दुसरी घार काढून दाखवली. पुढची स्प्रिंग गेली. तिच्या जागी दोन चकचकीत नळे, आत तेल. खड्डा आला का नळा खाली बसते अन् हळूच वर येते. काळा रंग, सोनेरी रेघ. दिवा अन् काटा एकाच डब्यात. ठिणगी आपली आपणच मागंपुढं होते. म्या इचारलं, अन् दांडा? तं म्हणे, दांडा काढला. म्या म्हटलं, मंग ती घार नव्हं, कोंबडी हाय!

भांडलो. तीन रविवार भांडलो. आजही सांगतो, पहिलीचा आवाज तो आवाज. माहं मत बदललं नाही, बदलणार बी नाही. पण वामन्यानं एक वाक्य काढलं. "मागं गादी दिली हाय, करीमभाई. छोटी हाय, पण गादी हाय." मंग जुनी दिली, दुसरी घेतली.

आता ऐका खरी गंमत. दुसरी घार नवी होती तव्हाची. हप्ता वामन्याचा संपला. रविवार. मी अकोल्याहून रेल्वेनं मुर्तिजापूरले उतरलो. हॉटेलात गेलो. समोरून कोण येते? वामनराव! ठेसनाकडून! पायी! म्या इचारलं, "गाडी कुठं हाय?" हा म्हणे, "कोणती गाडी?" अन् तिथंच कपाळाले हात लावून बसला. गाडी ह्यानं आणाची होती, अन् हा सवयीनं बडनेऱ्याले जाऊन रेल्वेत बसला! आता सांगा, दोन मालक मुर्तिजापुरात, अन् गाडी राजापेठेत! साझ्यातल्या फटफटीचं असं बी होते. म्या त्याले काय काय म्हटलं ते इथं आयाबहिणींसमोर सांगत नाही.

मी बोलून राहिलो, तो मान खाली घालून ऐकून राहिला. अन् मधातच त्यानं मान वर केली. कान टवकारले. म्हणे, "करीमभाई, चूप." रस्त्याकडून आवाज. फट फट फट फट. "आपली हाय!" म्हणे. म्या म्हटलं, चोरली कोणी! दोघं पळत रस्त्यावर. अन् पाहतो तं काय? धुळीतून कमळाबाई! पांढऱ्या साडीचा कासोटा मारलेला, डोक्याले वामन्याचंच मफलर! गाडी हॉटेलासमोर आणली, उभी केली, बंद केली. वामन्या म्हणे, "कमळे, तुले येते?" बाईनं ओठावर बोट ठेवलं. टाकीवर हात ठेवला. टिक, टिक, टिक. आमी दोघं मालक शाळेतल्या पोरासारखे उभे. आवाज थांबला, तव्हा बाई बोलली.

"गाडी इसरून गेलात म्हून आणली. येते काहून नाही? इतकी वर्षं मागं बसली. मागं बसणाऱ्याले दुसरं काम काय, जी? पाहणंच. तुमचा उजवा पाय काय करते, डावा हात काय करते, सगळं पाठ हाय. पोहऱ्याच्या जंगलाच्या बाजूनं रोज सकाळी कोणाले न सांगता थोडी थोडी हात बी बसवत होती."

नारायणराव, तुमाले हे माहीत नव्हतं ना? कोणालेच माहीत नव्हतं. आमी तिघाइनं ठरवलं होतं, गावात बोलाचं नाही. नर्सबाईची नोकरी, लोकाइची तोंडं. त्याच्यानंतर शिवंच्या बाहेर गेलं का वामन्या उतरे अन् मागं बसे. गाव जवळ आलं का परत जागा बदले. तुमी ज्याले फटफटीवाला देवीडॉक्टर म्हणत होते, तो अर्धा रस्ता मागच्या सीटवर बसून पोवाडे म्हणत जाये! अन् काय बेसूर म्हणे, अल्ला!

मंग आली तिसरी. आत्ताची. विलायतेची घार आता आपल्याच देशात, मद्रासकडं जोडाले लागले होते. म्या म्हटलं, देशी घार? पंख टिकन का? वामन्याचं सुरू, मोठी टाकी, करीमभाई, मोठी टाकी! भांडण पेटलं. तव्हा म्याच म्हटलं, आपण दोघं पुढं बसणारे. मागं बसणाऱ्याले इचारा. कमळाबाईले संगं घेऊन गेलो. बाई गाडीच्या भोवती फिरल्या. मागच्या चाकाले दोन्ही बाजूनं शॉकप. पुढून मागपर्यंत एकच सलग सीट. हातानं दाबून पाहिली. मागं बसल्या, वरखाली हालल्या. अन् म्हणाल्या, "कंपनीले इतक्या वर्षांनं समजलं वाटते, का मागं बी मानूस बसते."

घेतली! तिथंच घेतली! काय गाडी हाय मंडळी! मेळघाटाच्या चढाले नाही म्हणत नाही. कौंडण्यपूरच्या जत्रेत, त्या रेतीत, दोघं अन् पेटी घेऊन निघते. खड्ड्यात मागचं चाक नाचते अन् बसणाऱ्याले पत्ता नाही. मी कबूल करत नाही का ती पहिलीहून चांगली हाय. पण चांगली हाय.

अन् ह्या गाडीनं त्याले नेलं नाही, बरं. कोणी तरी बाहेर म्हणून राहिलं होतं, फटफटीनं घात केला. खोटं! साफ खोटं! छातीत कळ आली, घरात, जेवता जेवता. गाडी तव्हा माह्याजवळ, अकोल्यात होती. निरोप आला तसा मी तिच्यावरच आलो. दवाखान्यात त्याच्या उशाशी बसलो. त्याले बोलाले मनाई होती. तो मानला का कधी? मले जवळ बोलावलं. म्या म्हटलं, "वामन्या, लवकर ऊठ. तुही अर्धी गाडी बाहेर उभी हाय."

तं हासला. म्हणे, "माही कुठं होती, करीमभाई? फेरी कमळीची, पेटी कमळीची. मी तं डायव्हर. अन् तो बी अर्ध्या रस्त्याचा." मंग थोडा दम घेतला अन् म्हणे, "रविवारी गाडी मुर्तिजापूरले नेऊ नको. घरी आण."

बस. त्याच्यानंतर तो माह्यासंगं बोलला नाही.

आणली. आज सकाळी घरी आणली. बंद केली. कमळाबाई दारात आल्या. आमी दोघं उभे. तिसरा नाही. टिक टिक थांबेपर्यंत कोणी बोललं नाही. मी किल्ली पुढं कराच्या आतच एक मानूस सायकलीवर धापा टाकत आला. नदीकडच्या खेड्यातला. सून काल दुपारपासून अडली हाय, म्हणे. नर्सबाई, तुमचं दुःख मले ठाऊक हाय, पण सांगू कोणाले? बाईनं माह्याकडं पाहिलं. म्हणाल्या, "करीमभाई, आज सभा हाय."

आता तुमीच सांगा, मी काय म्हणाले पाहिजे होतं? बसा वहिनी, लोक काय म्हणतील, असं म्हणू? वामन्याच्या दारात उभा राहून? म्या किल्ली हातात ठेवली. म्हटलं, सभा मी पाहतो, गाडी तुमी पाहा. बाईनं पेटी बांधली, कासोटा मारला. आज शिवंच्या बाहेर जाऊन जागा बदलाची गरज नव्हती. दारातूनच बसल्या, भर राजापेठेतून गेल्या. जाताना म्हणाल्या, "शांततेसाठी सगळे उभे राहाच्या आत येते."

तं हे हाय मी लांबवण्याचं कारण! अध्यक्षसाहेब मघापासून घड्याळ पाहून राहिले. पाहा, साहेब. मी थांबत नाही. पाच वाजू द्या नाही तं सात. मले चौथी घार कशी असावी हे बी सांगता येते, पाचवी बी सांगतो! नवऱ्याच्या शोकसभेत बायको नाही म्हणता? ती त्याच्याच कामाले गेली हाय, त्याच्याच गाडीवर. नाही. चुकलो. तिच्याच कामाले, तिच्याच गाडीवर. अर्धी घार कमळाबाईची हाय. होती, हाय, अन् राहीन. ह्या करीमनं चार लोकांत सांगितलं. अन् ज्याले बोलाचं असन त्यानं...

चूप. थांबा. ऐका.

मागच्या लोकाइनो, थोडं चूप बसा जी. येते का ऐकाले? चौकाकडून. फट फट फट. आपली हाय! वामन्या, आपली हाय रे!

वाट द्या. मधातून वाट द्या, गाडी आत येऊ द्या. सतरंजी गुंडाळा थोडी. नारायणराव, तुमी काहून उठले? ... बरं. बरं केलं. धरा, तुमीच धरा तो मंडपाचा पडदा. या वहिनी. इथं. फोटोसमोर. बंद करा.

मान हालवून राहिल्या. काय म्हणता? दोघी सुखरूप. पोट्टी झाली. आई अन् पोट्टी, दोघी सुखरूप!

टाळ्या नको, मंडळी. आता टाळ्या नको. आता सगळे उभे राहा. शांतता किती वेळ ठेवाची, ते घड्याळाले इचारू नका, साहेब, खिशात ठेवा ते. कमळाबाईचा हात टाकीवर हाय. गाडी लांबून आली हाय, तापली हाय. तिचा आवाज थांबेपर्यंत कोणी बोलाचं नाही. मुर्तिजापूरचा कायदा हाय.

सलाम, वामन्या.

आधी गाडी बोलन.